ल्वारचे खोरे, गोदेचे खोरे आणि वाइनची द्राक्षे

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील पुसेगाव व त्याच्या शेजारची गावे ही सोयाबीन, तूर, कापूस आणि हळद या पिकांची गावे होत. (सातारा जिल्ह्यातील यात्रेचे पुसेगाव निराळे, त्याचा येथे संबंध नाही.) या भागातील ज्या शेतकऱ्यांच्या विहिरीला बारमाही पाणी आहे, त्यांच्या मनात द्राक्षबागेचा विचार अधूनमधून येतो, आणि द्राक्षाचा विचार आला की नाशिककडील वाइनच्या द्राक्षांची गोष्टही निघते. "त्या द्राक्षांचा भाव आधीच ठरलेला असतो, पेटीत बांधावी लागत नाहीत, दलाल मध्ये नाही," असे ऐकिवात येते. हे ऐकणे अगदीच खोटे नाही. परंतु ते अर्धे आहे. उरलेले अर्धे माहीत नसताना बाग उभी करणे म्हणजे काही लाख रुपयांचे कर्ज आणि दहा-पंधरा वर्षांची जमीन गुंतवून बसणे होय. म्हणून हा विषय येथे जरा मुळापासून सांगण्याचे योजिले आहे.

मुळापासून सांगावयाचे तर फ्रान्स देशातील ल्वार नदीच्या खोऱ्यापासून आरंभ केला पाहिजे. नाशिक भागात पांढऱ्या वाइनसाठी ज्या दोन जाती प्रामुख्याने लावल्या जातात, त्या शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ या दोन्ही जातींची मोठी कीर्ती त्याच खोऱ्यात झाली. नाशिककडे त्यांना नुसते 'शेनिन' आणि 'सोव्हिनिऑन' म्हणतात. 'ब्लाँ' याचा अर्थ पांढरा, एवढेच.

ल्वार नदी व तिच्या काठच्या जाती

ल्वार ही फ्रान्समधील सर्वांत लांब नदी. तिची लांबी सुमारे एक हजार किलोमीटर आहे. म्हणजे आपल्या १,४६५ किलोमीटर लांबीच्या गोदावरीपेक्षा ती बरीच लहान. देशाच्या मध्यभागातील डोंगरात उगम पावून ती प्रथम उत्तरेकडे जाते, मग पश्चिमेस वळते आणि नाँत शहराच्या पुढे अटलांटिक महासागरास मिळते. हे खोरे विषुववृत्तापासून फार दूर, सुमारे ४७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात तेथे कडाक्याची थंडी असते. वेलीची पाने गळून ती नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत निजलेली राहते. छाटणी वर्षातून एकदाच, या झोपेच्या काळात होते. वसंतात डोळे फुटतात आणि पीक सप्टेंबर-ऑक्टोबरात निघते.

एवढ्या लांब खोऱ्यात सर्वत्र एकच द्राक्ष नाही, ही मुख्य लक्षात घेण्याची गोष्ट आहे. नदीच्या वरच्या अंगाला साँसेर व पुई ही गावे आहेत. तेथील जमीन चुनखडीची व गारगोटीची आहे आणि तेथे सोव्हिन्याँ ब्लाँ पिकते. मधल्या भागात तूर व सोम्यूर या शहरांभोवती मऊ चुनखडकाचा प्रदेश आहे. हा खडक करवतीने कापता येतो. लोकांनी तो कापून घरे व वाडे बांधले आणि खाणींच्या ज्या गुहा उरल्या, त्यांत वाइनची पिंपे ठेवली. गुहेत उन्हाळा-हिवाळा सारखाच गारवा असतो. या मधल्या भागाची पांढरी जात शेनिन आणि काळी जात कॅबर्ने फ्राँ. शेवटी समुद्राजवळ, नाँतच्या बाजूस मेलाँ नावाची तिसरीच पांढरी जात आहे. तिच्यापासून 'म्युस्कादे' नावाची हलकी वाइन होते. १७०९ साली युरोपात अतिशय भयंकर थंडी पडली. नाँतकडील पुष्कळ बागा त्या थंडीने मेल्या. त्यानंतर जी जात थंडीला टिकते ती, म्हणजे मेलाँ, तेथे पसरली. जातीची निवड कोणा विद्वानाने कागदावर केली नाही. हवामानाने ती करून दिली आणि शेतकऱ्याने ती मानली.

शेनिन ही जात थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. तिचे डोळे लवकर फुटतात आणि फळ उशिरा पिकते. लवकर फुटण्याचा तोटा असा की एप्रिलमध्ये एखाद्या रात्री हिमकडाका पडला तर कोवळी फूट जळून जाते. १९९१ आणि २०२१ या वर्षी फ्रान्समधील बागाईतदारांचे असे मोठे नुकसान झाले. अशा रात्री तेथील शेतकरी बागेत ओळीने मेणाच्या मोठ्या पणत्या पेटवितात किंवा उंच पंखे फिरवून वरची उबदार हवा खाली आणतात. शेनिनचा मोठा गुण म्हणजे तिच्यातील आम्लता. फळ गोड झाले तरी आंबटपणा सुटत नाही. त्यामुळे एकाच जातीपासून कोरडी वाइन, गोड वाइन आणि फेसाळ वाइन अशा तिन्ही होऊ शकतात. त्याच गावात, त्याच बागेत, साल कसे गेले ते पाहून शेतकरी यंदा काय करावयाचे ते ठरवितो.

लेयाँ नावाच्या ल्वारच्या उपनदीकाठी तर याहून नवल आहे. शरदात सकाळी धुके असते आणि दुपारी ऊन पडते. अशा हवेत शेनिनच्या मण्यांवर एक करडी बुरशी वाढते. ती मण्यातील पाणी उडवते, मणी मनुक्याप्रमाणे सुरकुततो आणि आतील साखर घट्ट होते. मजूर त्याच बागेत तीन-चार वेळा फिरून तेवढेच मणी वेचतात व त्यांची अत्यंत गोड वाइन होते. आपल्याकडे मात्र या करड्या बुरशीला कोणी चांगले म्हणणार नाही. अवकाळी पावसात ती घडाची नासाडीच करते, म्हणून तेथील गोष्टीने येथे कोणी भुलू नये.

सोव्हिन्याँची गोष्ट उलट आहे. तिचे सर्व मोल वासात आहे. ताज्या कापलेल्या गवतासारखा, हिरव्या फळासारखा तिचा वास थंड हवेत टिकतो. फळ कडक उन्हात तापले किंवा तोडणीस दोन-चार दिवस उशीर झाला की तो उडून जातो. काळ्या जातींपैकी कॅबर्ने फ्राँ ही आपल्याकडे फारशी नाही, पण तिचे एक अपत्य आपल्याकडे पुष्कळ आहे. नाशिककडे लाल वाइनसाठी जी कॅबर्ने सोव्हिन्याँ लावतात, ती कॅबर्ने फ्राँ व सोव्हिन्याँ ब्लाँ यांच्या नैसर्गिक संकरातून जन्मली, असे १९९७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी आनुवंशिक चाचणीने दाखवून दिले. काळी जात आणि पांढरी जात यांच्यापासून काळी जात झाली!

फ्रान्समध्ये १९३५ साली कायदा होऊन वाइनच्या गावांच्या नावांना संरक्षण देण्यात आले. वूव्रे आणि साँसेर या ल्वारकाठच्या गावांना ते १९३६ साली मिळाले. या कायद्याने केवळ गावाची सीमा आखली असे नव्हे. त्या नावाखाली वाइन विकावयाची तर जात कोणती, छाटणी कशी, फळात साखर किमान किती, आणि एका हेक्टरातून जास्तीत जास्त किती पीक घ्यावयाचे, हेही ठरवून दिले. पन्नास-साठ हेक्टोलिटर, म्हणजे पाच-सहा हजार लिटर वाइन एका हेक्टरातून, असा साधारण हिशेब असतो. जास्तीत जास्त उत्पन्नाची मर्यादा घालणारा कायदा आपल्या शेतकऱ्याला विचित्र वाटेल. परंतु वाइनच्या द्राक्षाचा सर्व भेद याच एका गोष्टीत आहे.

खाण्याचे द्राक्ष व वाइनचे द्राक्ष

खाण्याच्या द्राक्षात गिऱ्हाइकाला मोठा मणी, पातळ साल, बी नसणे आणि बेताचा आंबटपणा हवा असतो. थॉम्पसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका या जातींवर बागाईतदार जिबरेलिक आम्लाच्या बुडव्या देतो, मणी विरळ करतो, ते सर्व आकारासाठी. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड आणि बी असलेला असतो. रंग, वास आणि तुरटपणा ही सर्व सालीत व सालीलगत असतात. म्हणून मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल अधिक. येथे जिबरेलिक आम्ल वापरून मणी फुगविला तर तोटाच होतो. आपल्या एखाद्या पाहुण्याने शेनिनचा घड बाजारात विकावयास ठेवला तर त्याला कोणी घेणार नाही. हे वाक्य शेतकऱ्याने पुन्हा एकदा वाचावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

साखरेचा हिशेब असा. रस आंबताना यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव साखर खातात व मद्यार्क आणि कर्ब वायू तयार करतात. एका लिटर रसात सुमारे १७ ग्रॅम साखर असली म्हणजे वाइनमध्ये एक टक्का मद्यार्क उतरतो. रसाचा ब्रिक्स २२ असेल तर आंबण्याजोगी साखर लिटरला दोनशे ग्रॅमच्या थोडी वर असते. १७ ने भागले म्हणजे सुमारे १२ टक्के मद्यार्क निघतो. म्हणून वाइनरी २२ ते २४ ब्रिक्स मागते. पण नुसती साखर पुरत नाही. तेवढी साखर येईपर्यंत आम्लता लिटरला पाच-सात ग्रॅम तरी शिल्लक राहिली पाहिजे. नाहीतर वाइन बेचव होते व टिकत नाही. साखर वर चढते आहे आणि आम्ल खाली उतरते आहे, या दोन्ही रेषा जेथे योग्य ठिकाणी भेटतात तो तोडणीचा दिवस. तो दिवस आकाश आणि जमीन ठरवितात. माणूस केवळ ओळखतो.

वेलीवर घड जास्त ठेवले तर पाने तेवढीच असल्याने साखर पुरत नाही आणि पिकण्यास उशीर होऊन ऊन चढते. म्हणूनच खाण्याच्या बागेतून एकरी जेवढे टन निघतात, त्याच्या साधारण निम्मेच वाइनच्या बागेतून घ्यावेत, अशी वाइनऱ्यांची अपेक्षा असते.

गोदावरीकाठी ही द्राक्षे कशी आली

मराठवाड्याला द्राक्ष नवे नाही. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादेस आला होता. तेथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात असे त्याने लिहून ठेवले आहे. उष्ण देशात वेलीला झोप नसते, हे त्या परक्या माणसाच्या नजरेतून सुटले नाही. पुढे नाशिककडे भोकरी व फकडी या जाती लोकप्रिय झाल्या. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी निवडलेली 'चीमा साहेबी' जात आली. हैदराबादेकडून अनाब-ए-शाही आली. मग बिनबियांच्या थॉम्पसनने सर्वांना मागे सारले. सांगली जिल्ह्यातील तासगाव भागातून तास-ए-गणेश आणि सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथून सोनाका, या दोन्ही जाती शेतकऱ्यांनीच आपल्या बागांतील वेगळ्या काड्या हेरून निवडल्या, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट आहे.

वाइनचा उद्योग मात्र अलीकडचा. १९८० नंतरच्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाइन तयार होऊ लागली. १९९७ साली राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या दोन ल्वारच्या जाती लावल्या आणि त्यांची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ साली राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून करात सवलती दिल्या. नाशिक जिल्ह्यात विंचूर येथे आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्योगाच्या वसाहती झाल्या. 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. फ्रान्समध्ये १९३५ च्या कायद्याने जे केले, त्याच जातीची ही गोष्ट. मात्र एकरी पिकाची मर्यादा घालण्याइतके आपले नियम कडक नाहीत.

शेनिनच का टिकली, याचे उत्तर वर आलेच आहे. आम्लता सोडत नाही असा जिचा स्वभाव, ती उष्ण देशात उपयोगी पडते. दक्षिण आफ्रिकेत आज शेनिनचे क्षेत्र फ्रान्सपेक्षाही अधिक आहे. ल्वारकाठी जो गुण कधीकधी अति वाटतो, तोच उन्हाच्या देशात तिचा आधार झाला.

दोन छाटण्यांचे वर्ष

ल्वारच्या जाती आणल्या तरी ल्वारचे पंचांग आणता आले नाही. आपल्याकडे थंडीने वेल निजत नाही. तिला कात्रीने निजवावे व उठवावे लागते. म्हणून वर्षात दोन छाटण्या आणि एक पीक.

पहिली छाटणी एप्रिलमध्ये, तिला खरड छाटणी म्हणतात. पीक निघालेल्या सर्व काड्या ओलांड्याजवळ आखूड छाटतात. जी नवी फूट येते, तिच्या डोळ्यांत पुढील वर्षाचे घड सूक्ष्म रूपाने तयार होतात. छाटणीनंतर साधारण चाळिसाव्या दिवसापासून पुढील महिनाभर हे काम चालते. बाहेरून काहीच दिसत नाही. परंतु या काळात डोळ्यावर ऊन पडले पाहिजे, पाणी बेताचे असले पाहिजे आणि नत्र कमी केले पाहिजे. फुटी दाट झाल्या, आकाश ढगाळ राहिले किंवा युरियाचा हात सैल पडला, तर डोळ्यात घडाऐवजी वेलीच्या ताण्याचाच अंकुर राहतो. ऑक्टोबरात घड निघाले नाहीत म्हणून जो शेतकरी कपाळावर हात मारतो, त्याचे कारण बहुधा मे-जूनमध्ये असते. गावपातळीवरील सेवकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण ऑक्टोबरात विचारलेल्या प्रश्नाला तेव्हा उत्तर नसते.

दुसरी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. या वेळी पक्व काडीचे ठरावीक डोळे राखून पुढचा भाग कापतात आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांवर हायड्रोजन सायनामाइडचा हात फिरवितात. हे औषध विषारी असून कातडीस इजा करते. हातमोजे घातल्यावाचून त्याला स्पर्श करू नये आणि त्या दिवशी व पुढील काही दिवस मद्यपान तर मुळीच करू नये. त्यानंतर हिवाळ्यात घड वाढतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी होते. ल्वारमध्ये फळ शरदात, दिवस थंड होत असताना पिकते. आपल्याकडे ते वसंतात, दिवस तापत असताना पिकते. सर्व अडचण या उलट्या दिशेत आहे.

छाटणीनंतर परतीचा पाऊस आला तर केवडा रोग कोवळ्या फुटीवर धाड घालतो. थंडी पडली की भुरी येते. केवडा हा मूळचा अमेरिकेचा. १८७८ च्या सुमारास तो फ्रान्समध्ये पोहोचला आणि त्याच्या बंदोबस्तासाठी १८८५ साली तेथील प्राध्यापक मियार्दे यांनी मोरचूद व चुना यांचे मिश्रण सुचविले. तेच आपले बोर्डो मिश्रण. फ्रान्सची दुसरी वस्तू म्हणजे कलम-खुंटाची पद्धत. मुळे खाणाऱ्या फायलॉक्झेरा किडीने एकोणिसाव्या शतकात तेथील बागा उद्ध्वस्त केल्यावर अमेरिकी खुंटावर फ्रेंच जातीचे कलम बांधू लागले. आपण डॉगरिज किंवा ११०-आर हे खुंट वापरतो ते मात्र त्या किडीसाठी नव्हे. खारे पाणी आणि अवर्षण सोसावे म्हणून.

पुसेगावच्या शिवारात काय होईल

आता मूळ प्रश्न. हिंगोली जिल्ह्याचे पाणी पूर्णा, कयाधू व पैनगंगा या नद्यांवाटे अखेर गोदावरीलाच जाते. नाशिक आणि हिंगोली यांचे अक्षांशही जवळजवळ सारखे आहेत. नकाशा पाहून कोणासही वाटेल की तेथे जे पिकते ते येथेही पिकावे. पण ल्वारच्या एकाच खोऱ्यात तीन ठिकाणी तीन जाती का, हे ज्याने वर वाचले, तो नकाशावर विसंबणार नाही.

नाशिकचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. हिंगोली सुमारे साडेचारशे. निफाड भागात हिवाळ्याच्या रात्री फार गार होतात. फळातील मॅलिक नावाचे आम्ल उबदार रात्री श्वसनात जळून जाते. रात्र गार असली तर ते शिल्लक राहते. मराठवाड्यात फेब्रुवारीच्या मध्यानंतर ऊन झपाट्याने चढते. म्हणून येथे सोव्हिन्याँचा वास टिकण्याची आशा धरू नये. शेनिन कदाचित तग धरेल. तीही सप्टेंबरात लवकर छाटून जानेवारीतच तोडता आली तर. परंतु लवकर छाटणी म्हणजे मान्सून संपण्याआधीची छाटणी, आणि येथे पाऊस निफाडपेक्षा जास्त. केवड्याचा धोका तेवढा वाढला. एका बाजूने ऊन ढकलते आणि दुसऱ्या बाजूने पाऊस. मधली फट अरुंद आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपीट मराठवाडा अद्याप विसरलेला नाही. हळदीचे गड्डे जमिनीखाली असतात. द्राक्षाचा घड उघड्यावर लोंबत असतो.

जमिनीविषयी. कापूस-सोयाबीनची भारी काळी जमीन द्राक्षाला, त्यातही वाइनच्या द्राक्षाला, मानवत नाही. तीत पावसाळ्यात पाणी साचते, मुळे गुदमरतात, आणि पुढे ओल धरून राहिल्याने वेल फुटतच राहते, फळाकडे वळत नाही. खालून मुरूम असलेली हलकी ते मध्यम जमीन बरी. ज्या चढाच्या पडिताला आपण कमी समजतो, तीच याला योग्य. साँसेरच्या गोट्याळ उतारावर दुसरे काय आहे?

भाव ठरलेला असतो, पण कोणी ठरवावयाचा?

वाइनच्या द्राक्षाला गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे वाइनरी. खाण्याचे द्राक्ष एका बाजारात पडले तर दुसरीकडे पाठविता येते, बेदाणा करता येतो. शेनिनच्या लहान, बियांच्या मण्यांचा कोण बेदाणा करील? आणि घरी वाइन करून विकणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्यावाचून गुन्हा आहे.

२००१ च्या धोरणानंतर वाइनऱ्या वाढल्या, त्यांच्या भरवशावर बागाही वाढल्या. नंतर २००८ साली जगभर मंदी आली; त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर दहशतवादी हल्ला होऊन हॉटेलांचा व पर्यटनाचा धंदा बसला. वाइन टाक्यांत पडून राहिली. पुढील एक-दोन हंगामांत कित्येक ठिकाणी द्राक्षे उचललीच गेली नाहीत. उचलली त्यांचे पैसे अडकले. शेतकऱ्यांनी बागा उपटल्या, किंवा खोडे राखून त्यांवर खाण्याच्या जातींची कलमे बांधली. ज्यांनी खुंट चांगला निवडला होता, त्यांना हा दुसरा मार्ग तरी उरला. हा उद्योग नंतर सावरला आणि आज चालू आहे. तरी त्या काळात जे बुडाले ते जात वाईट होती म्हणून नव्हे, तर गिऱ्हाईक एकच होते म्हणून.

पुसेगावहून विंचूरचे अंतर तीनशे किलोमीटरहून अधिक आहे. वाइनचे फळ पहाटे तोडून काही तासांत गाळपास जावे लागते. उन्हात ट्रकमध्ये खालच्या क्रेटमधील मणी फुटतात आणि रस वाटेतच आंबू लागतो. शीतगाडीचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या पाच-सहा टनांवर बसत नाही. तेव्हा ज्या शेतकऱ्याच्या हाती वाइनरीचा लेखी करार नाही, त्याने येथे वाइनची जात लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. करार असेल तर त्यात भाव किती वर्षांसाठी, ब्रिक्स कमी आला तर कपात किती, तोडणीचा दिवस कोण ठरविणार, वाहतूक कोणाकडे, आणि पैसे किती दिवसांत, हे शब्दांत लिहिलेले असावे. तोडणीचा दिवस वाइनरीच्या हाती असेल आणि त्या विलंबात वजन घटले, तर घट कोणाची, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. तो अवश्य विचारावा.

ज्यांना द्राक्षाची हौस आहेच, त्यांनी प्रथम अर्ध्या एकरावर खाण्याच्या किंवा बेदाण्याच्या जातीचा अनुभव घ्यावा. रसासाठी योग्य अशा नव्या जातीही आता आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेची एआरआय-५१६ ही संकरित जात ११०-१२० दिवसांत तयार होते आणि रस, जॅम व लाल वाइन या तिन्हींस चालते. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची 'मांजरी मेडिका' ही गर्द रंगाच्या रसाची जात आहे. ज्या फळाला एकाहून अधिक वाटा आहेत, ते नवख्याला बरे. लवकर तयार होणारी जात येथील फेब्रुवारीच्या उन्हातूनही सुटते, हा दुसरा लाभ.

लागवडीचा विचार पक्का करण्यापूर्वी दोन कामे करावीत. त्यांना पैसे फार लागत नाहीत. वैशाखात नियोजित जागी चार फूट खोल खड्डा खणावा. त्यात पाणी भरून दुसऱ्या दिवशी पाहावे. पाणी उभे असेल तर ती जागा सोडून द्यावी. खड्ड्याच्या भिंतीवरून प्रत्येक फुटाची माती निराळी घ्यावी, एकत्र मिसळू नये, कारण वरचा थर चांगला आणि तिसऱ्या फुटाला चुनखडी असे पुष्कळदा आढळते. विहिरीच्या पाण्याचा नमुना पावसाळ्यात न घेता मे महिन्यात, पाणी सर्वांत खाली गेलेले असताना घ्यावा. क्षार तेव्हाच खरे कळतात. हे नमुने कळमनुरी तालुक्यातील तोंडापूर येथील कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे न्यावेत आणि सामू, क्षार व मुक्त चुना या तिन्हींची तपासणी आवर्जून मागावी. पिशवीत घालावयाच्या चिठ्ठीवर गट क्रमांक, मातीची खोली आणि तारीख पेन्सिलीने लिहावी; ओल्या मातीत शाई पुसून जाते.